लाखाच्या मोबाइलचा रास्त भाव कसा काढावा

सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलने आयफोन १६ प्रो भारतात आणला, तेव्हा त्याच्या सर्वांत कमी साठवणुकीच्या मॉडेलची किंमत १,१९,९०० रुपये होती. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने हा एक फोन म्हणजे जवळजवळ सोळा क्विंटल कापूस होतो. कोरडवाहू शेतात एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरला, तर तीन ते चार एकरांतला संपूर्ण हंगामाचा माल त्यात जातो, आणि तोही बियाणे, खत, फवारणी व वेचणीची मजुरी वजा करण्याआधीचा. असा फोन घेणारे लोक यवतमाळ, वर्धा किंवा अमरावती जिल्ह्यांतील गावांत थोडे असले, तरी अगदीच नाहीत असे नाही. कुणी पुण्यात नोकरीला लागलेला असतो, कुणी लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करतो, तर कुणाच्या संत्र्याच्या बागेचा सौदा त्या वर्षी चांगला झालेला असतो. त्यामुळे हा भाव रास्त आहे की नाही, हा प्रश्न पानठेल्यावरही निघतो आणि त्याची दोनच ठरावीक उत्तरे मिळतात: एक म्हणजे ही निव्वळ लूट आहे, आणि दुसरे म्हणजे चांगल्या वस्तूला पैसे पडणारच. ही दोन्ही उत्तरे हिशोब न करता दिलेली असतात.

आपल्याकडे रास्त भावाचा एक हिशोब प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, आणि तो म्हणजे हमीभावाचा. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा उत्पादन खर्च काढतो आणि त्यावर किमान पन्नास टक्के वाढ धरून केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते. २०१८-१९ पासून हेच धोरण आहे. खरा वाद पुढे सुरू होतो, तो कोणता खर्च धरायचा यावरून. सरकार बियाणे, खत, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्या माणसांच्या राबण्याचे मोल एवढेच धरते. शेतकरी संघटनांचे म्हणणे असे की, जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलावरचे व्याजही धरले पाहिजे, म्हणजे दीडपट भावाची स्वामिनाथन आयोगाची शिफारस खऱ्या अर्थाने पाळली जाईल. फोनच्या किमतीचा वाद थेट याच ठिकाणी येऊन थांबतो, म्हणून हेच माप फोनला लावून पाहू.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आयफोन एक्स बाजारात आला, तेव्हा आयएचएस मार्किट या संस्थेने तो उघडून त्यातील एकेका भागाची किंमत काढली आणि सगळ्या भागांची बेरीज ३७०.२५ डॉलर सांगितली. त्यात सर्वांत महाग भाग पडदा होता, सुमारे ११० डॉलरचा. अमेरिकेत फोनची किंमत ९९९ डॉलर होती. बातमी आली की लगेच लोकांनी वजाबाकी केली आणि कंपनी एका फोनमागे सव्वासहाशे डॉलर खाते असा निष्कर्ष काढला. हमीभावाचे सूत्र या बेरजेला लावले, तर फोनचा भाव ५५५ डॉलर येतो आणि लूट सिद्ध झाल्यासारखी वाटते. पण हा हिशोब म्हणजे कापसाच्या खर्चात फक्त बियाण्याची थैली धरण्यासारखा आहे. भागांच्या त्या बेरजेत चिपची आखणी करणाऱ्या हजारो अभियंत्यांचे पगार नव्हते, सॉफ्टवेअर नव्हते, वाहतूक नव्हती, वॉरंटीत बदलून द्याव्या लागणाऱ्या फोनचा खर्च नव्हता आणि पेटंटचे पैसेही नव्हते.

पेटंटचा खर्च ग्राहकाला सहसा ठाऊक नसतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. फोनला टॉवरशी बोलता यावे यासाठी लागणारे मूलभूत शोध काही मोजक्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत, आणि प्रत्येक फोनमागे त्यांना हक्काचा मोबदला द्यावा लागतो. क्वालकॉमचा जाहीर दर फोनच्या विक्री किमतीच्या ३.२५ टक्के आहे, मात्र त्यासाठी फोनची किंमत जास्तीत जास्त ४०० डॉलरच धरली जाते, म्हणजे महागात महाग फोनमागे १३ डॉलर होतात. एरिक्सनने फाइव्ह-जीच्या महागड्या फोनसाठी ५ डॉलर, तर नोकियाने ३ युरो असा दर जाहीर केलेला आहे. प्रत्यक्षात मोठे उत्पादक घासाघीस करून वेगळे करार करतात, तरीही ही रक्कम अशी आहे की फोन उघडून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

मग पूर्ण खर्च धरला तर काय दिसते? ॲपलच्या २०२४ या आर्थिक वर्षाच्या ताळेबंदानुसार, वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे ६३ रुपये त्या वस्तू तयार करून बाजारात पोहोचवण्यात गेले आणि ३७ रुपये उरले. त्रेसष्टाची दीडपट साडेचौऱ्याण्णव होते. म्हणजे पन्नास टक्के वाढीचे जे सूत्र शेतकऱ्याला वर्षानुवर्षे मागावे लागते, ते सूत्र ही कंपनी कुणालाही न विचारता आपल्या मालाला लावते आणि वर थोडे अधिकही घेते. त्या ३७ रुपयांतून संशोधन, जाहिरात आणि कार्यालयांचा खर्च भागतो, हे खरे आहे. त्या एका वर्षात कंपनीने केवळ संशोधनावर ३,१०० कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. तरीही हातात उरणारा नफा मोठाच असतो. मला यात आक्षेपार्ह काही दिसत नाही, हेवा वाटण्यासारखे मात्र पुष्कळ दिसते. फरक एवढाच की कंपनीला माल न विकता थांबता येते आणि बाजार समितीच्या आवारात बंडी उभी असलेल्या माणसाला थांबता येत नाही.

हा ३७ टक्क्यांचा आकडा सगळ्या वस्तूंची सरासरी आहे. महागड्या मॉडेलांत कंपनी याहून अधिक कमावत असणार, आणि त्याचा उघड पुरावा साठवणुकीच्या दरपत्रकात सापडतो. आयफोन १६ बाजारात आला तेव्हा १२८ जीबीचा फोन ७९,९०० रुपयांना, २५६ जीबीचा ८९,९०० रुपयांना आणि ५१२ जीबीचा १,०९,९०० रुपयांना होता. या तिन्हींत पडदा तोच, कॅमेरा तोच, चिप तीच आणि बॅटरीही तीच होती. बदलत होती ती फक्त साठवणुकीची चिप, आणि तिचा वाढीव खर्च दहा हजार रुपयांच्या जवळपासही जात नाही. ही पायरी खर्चावर आधारलेली नसते. ज्याची ऐपत अधिक आहे त्याच्याकडून अधिक घ्यायचे, पण त्याला ते टोचू नये म्हणून हातात काहीतरी जास्तीचे ठेवायचे, अशी ती रचना असते. म्हणून रास्त भाव शोधणाऱ्याने पहिला नियम असा ठेवावा की, चांगल्या फोनचे सर्वांत खालचे मॉडेलच भावाच्या दृष्टीने खरे असते, आणि त्यावरची प्रत्येक पायरी कंपनीच्या फायद्याची असते.

खर्चावर थोडाच नफा घेऊन विकण्याची दुसरी रीतही बाजारात आहे. २०१८ मध्ये शाओमीने जाहीर केले होते की, फोनसारख्या वस्तूंवरचा आपला निव्वळ नफा पाच टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. हे ऐकायला फार सुरेख वाटते, पण असे उत्पादक उरलेली कमाई फोनमधल्या जाहिरातींतून आणि आधीच भरून दिलेल्या ॲपमधून करतात. हवामान पाहायला फोन उघडावा आणि आधी कर्जाच्या ॲपची जाहिरात बंद करावी लागावी, हा अनुभव स्वस्त फोन वापरणाऱ्या कुणालाही नवा नाही. त्या फोनची किंमतही रास्तच म्हणावी लागेल, फक्त तिचा एक हप्ता आपण रोज डोळ्यांनी फेडत असतो.

आता कराकडे वळू. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे; त्याआधी तो १२ टक्के होता. १,१९,९०० रुपयांच्या फोनचे बिल नीट वाचले, तर करपात्र मूल्य १,०१,६१० रुपये, केंद्राचा जीएसटी ९,१४५ रुपये आणि राज्याचा जीएसटी तेवढाच, अशी विभागणी दिसते. म्हणजे लाखाच्या फोनची चर्चा करताना अठरा हजारांहून अधिक रुपये कंपनीच्या नव्हे, तर सरकारच्या खात्यात जातात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जीएसटी नोंदणी असलेला जिनिंगवाला किंवा अडत्या तोच फोन धंद्यासाठी आपल्या फर्मच्या नावावर घेतो आणि ही रक्कम आपल्या करातून वळती करून घेऊ शकतो. शेतकऱ्याला आणि नोकरदाराला तशी सोय नाही. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेला एकच फोन दोघांना अठरा हजारांच्या फरकाने पडतो, आणि जास्त देणारा बहुधा कमी कमाईचा असतो.

आयात शुल्काचा परिणाम तर एका फोनच्या इतिहासातच पाहायला मिळतो. आयफोन एक्स भारतात ८९,००० रुपयांना आला. डिसेंबर २०१७ मध्ये आयात शुल्क १० वरून १५ टक्क्यांवर गेले तेव्हा तो ९२,४३० रुपयांचा झाला, आणि पुढच्या अर्थसंकल्पात शुल्क २० टक्क्यांवर जाताच ९५,३९० रुपयांचा. फोनमध्ये एकही स्क्रू बदलला नव्हता. जुलै २०२४ मध्ये हे शुल्क पुन्हा १५ टक्क्यांवर आणले गेले. मधल्या काळात तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला आणि उत्तर प्रदेशात नोएडाला जोडणीचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्याचा फरक किमतीत उतरलेला दिसतो. आयफोन १६ ची अमेरिकेतील किंमत करांशिवाय ७९९ डॉलर होती. तेव्हाच्या सुमारे ८४ रुपयांच्या दराने तिचे रुपये करून त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर ७९,२०० रुपयांच्या आसपास आकडा येतो. इथला भाव ७९,९०० रुपये होता. म्हणजे साध्या मॉडेलच्या बाबतीत भारतीय ग्राहकाने कराव्यतिरिक्त जवळजवळ काहीच जास्त दिले नाही. हाच हिशोब ९९९ डॉलरच्या प्रो मॉडेलला केला, तर ९९,००० रुपये येतात आणि इथला भाव त्याहून जवळजवळ एकवीस हजारांनी अधिक होता. आयात शुल्क, रुपया घसरण्याची धास्ती आणि ग्राहक एवढे देईल हा अंदाज, असे सगळे त्या एकवीस हजारांत मिसळलेले आहे. साधे मॉडेल भावाला खरे आणि वरचे मॉडेल भावाला खोटे, हे इथेही दिसून येते.

इथवर विकणाऱ्याची बाजू झाली. घेणाऱ्याच्या बाजूने रास्त भाव म्हणजे त्या फोनने आपल्याला, आपल्या गावात, किती वर्षे आणि किती काम दिले याचे मोल, आणि इथे विदर्भातील हिशोब मुंबईच्या हिशोबाहून वेगळा होतो.

पहिली अडचण उन्हाची आहे. ॲपल स्वतःच सांगते की फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांपर्यंत जातो आणि मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक जिल्ह्यांत दुपारी ३५ अंशांच्या खाली तो येतच नाही. अशा दुपारी धुऱ्यावर उभे राहून व्हिडिओ काढू लागलो, की काही मिनिटांत फोनची पाठ चटके देऊ लागते. मग फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग उतरवतो, पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी तापमानाची सूचना दाखवून कामच बंद करतो. हे प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये होते, पण त्याचा फटका महागड्या फोनला अधिक बसतो, कारण आपण जास्तीचे पैसे ज्या वेगासाठी आणि ज्या उजळ पडद्यासाठी मोजलेले असतात, नेमक्या त्याच गोष्टी उन्हात हातच्या जातात. वर्षातील अडीच महिने दुपारच्या वेळी लाखाचा फोन आणि पस्तीस हजारांचा फोन जवळपास सारखेच चालतात. थंडीत सकाळच्या उन्हात पराटीच्या शेतात उभे राहून व्हिडिओ कॉलवर कृषी अधिकाऱ्याला बोंडअळी दाखवायची असेल, तर मात्र चांगल्या पडद्याचा आणि कॅमेऱ्याचा उपयोग निश्चित होतो, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट नेटवर्कची, आणि ती थोडक्यात संपते: गावाच्या टॉवरवर फाइव्ह-जी नसेल, तर फोन कितीही महाग असला तरी तो तिथे फोर-जीचाच आहे.

तिसरी अडचण दुरुस्तीची आहे. अधिकृत सेवा केंद्र नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत असते. पुसद किंवा अहेरीकडच्या माणसाला पडदा फुटल्यावर एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे घालून तिथे जावे लागते, आणि भाग उपलब्ध नसला तर पुन्हा खेप करावी लागते. वरच्या दर्जाच्या फोनचा पडदा वीस ते तीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे तेवढ्यात दुसरा बरा फोन येतो. पाण्यापासून संरक्षण असल्याची जाहिरात असते, पण बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेले नुकसान धरले जात नाही. म्हणून खेड्यातील वापरासाठी महागडा फोन घ्यायचा तर पडद्याच्या विम्याची किंमत मूळ किमतीतच मिळवून पाहावी.

महागड्या फोनच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा आयुष्याचा आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. अपडेट थांबले की फोन लगेच मरत नाही, पण सुरक्षेतील त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि ज्या फोनवर यूपीआय आणि बँक आहे त्याच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा भाव वर्षांवर वाटून पाहावा. समजा, १,२०,००० रुपयांचा फोन सहा वर्षे वापरला, मध्ये दहा हजार रुपये खर्चून बॅटरी बदलली आणि शेवटी तो पंधरा हजारांना विकला, तर वर्षाला सुमारे १९,२०० रुपये पडतात. ८०,००० रुपयांच्या फोनला हेच गणित लावले आणि शेवटी दहा हजार आले असे धरले, तर वर्षाला १३,३०० रुपये होतात. ३०,००० रुपयांचा फोन चार वर्षे वापरून चार हजारांना काढला, तर वर्षाला ६,५०० रुपये. मी धरलेले विक्रीचे आकडे थोडे मागेपुढे झाले तरी क्रम बदलत नाही. टिकाऊ म्हणून महाग फोनच शेवटी स्वस्त पडतो हा युक्तिवाद दुकानात वारंवार ऐकू येतो, पण तो या गणितात टिकत नाही. टिकाऊपणामुळे अंतर कमी होते, नाहीसे होत नाही.

मग उरलेले पैसे कशाचे, हे प्रत्येकाने आपल्या कामावरून ठरवावे. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून फोटो घेणे, बाजारभाव पाहणे, अनुदानाच्या अर्जाची केवायसी करणे, व्हॉट्सॲप आणि पैशांची देवघेव, ही सगळी कामे दहा-पंधरा हजारांचा फोनही करतो. लग्नसराईत व्हिडिओचे काम घेणाऱ्याला किंवा यूट्यूब चॅनलवर कमाई असणाऱ्याला वर्षाचे जास्तीचे बारा-तेरा हजार एका-दोन कामांत सुटू शकतात, आणि त्याच्यासाठी लाखाचा भावही रास्त ठरू शकतो. हौसेसाठी घेणाऱ्यालाही माझी मनाई नाही. बैलजोडी सजवण्यात आणि लग्नाच्या मांडवात आपण हौसेचा हिशोब कधी मागत नाही. फक्त ती हौस आहे हे घेताना ठाऊक असावे.

हप्त्यांवर घेतले की मात्र सगळा हिशोब विस्कटतो, कारण दुकानदार किंमत सांगतच नाही, हप्ता सांगतो. १,२०,००० रुपये वर्षभरासाठी १६ टक्के व्याजाने घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,८९० रुपये येतो आणि वर्षात १०,६०० रुपयांहून अधिक व्याज जाते. ‘बिनव्याजी’ हप्त्याची पाटी असली तरी व्याज कुठे ना कुठे असतेच. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच हरकत घेतली होती. बहुधा व्याजाएवढी सूट कंपनी सावकार संस्थेला देते, क्रेडिट कार्ड असेल तर त्या व्याजावर जीएसटी लागतो, आणि प्रक्रिया शुल्क वेगळे असते. म्हणून दुकानात आधी रोखीचा भाव विचारावा, आणि तीच सूट रोखीत मिळते का हे पाहावे. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, पण शेतीचे उत्पन्न दर महिन्याला येत नाही.

मला विचाराल तर, पूर्ण सात वर्षांच्या अपडेटचे वचन असलेल्या, वरच्या दर्जाच्या नव्या फोनचा रास्त भाव आज करासह ७५ ते ८० हजार रुपये आहे. त्यापुढचे पैसे साठवणुकीच्या पायऱ्या, टायटॅनियमची कड आणि लांबचे दृश्य टिपणारे भिंग यांत जातात. फोन बाजारात येऊन जितकी वर्षे झाली, तितके सप्तमांश या किमतीतून वजा करावेत: दोन वर्षांपूर्वी आलेला, पण अजून नवाच मिळणारा फोन ५७ हजारांच्या वर घेऊ नये. वापरलेला घ्यायचा असेल तर याहूनही खाली थांबावे, बॅटरीची क्षमता पाहावी आणि तो चोरीचा नाही याची खात्री सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून करून घ्यावी.

भाव कधी उतरतात हेही बऱ्यापैकी ठरलेले आहे. ॲपलचे नवे फोन सप्टेंबरमध्ये येतात आणि जुन्यांचे भाव त्याच दिवशी कमी होतात. आयफोन १६ अशाच रीतीने २०२५ मध्ये ७९,९०० वरून ६९,९०० रुपयांवर आला, आणि त्यानंतर दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावरची सूट वेगळी मिळते. त्या वेळी आपल्याकडे सोयाबीन घरात आलेले असते. सॅमसंगची वरच्या दर्जाची मालिका मात्र साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बदलते, म्हणजे कापसाचा चुकारा हाती पडतो त्याच सुमारास, आणि त्या आठवड्यांत तालुक्याच्या दुकानदाराला मागच्या मालिकेचा पडून असलेला माल काढायचा असतो. घासाघीस करायला तोच काळ चांगला. मात्र पक्के जीएसटी बिल आणि सील न फोडलेला डबा, या दोन गोष्टींत तडजोड करू नये.